केकचे टिन, ट्रे, नोझल: लहान घरात ठेवताना या चुका टाळा

माझ्याकडे क्लासला येऊन गेलेल्या मुलींचे फोन साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला आठवड्याभरात येतो: ताई, केक मधे बसला. दुसरा तीन-चार महिन्यांनी येतो: ताई, टिनला काहीतरी झालंय. पहिल्यावर बोलण्यासारखं बरंच असतं. दुसऱ्यावर माझा उलटा प्रश्न एकच, "ठेवला कुठे होतास?"

मी डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहते. ओटा सात फुटांचा, त्यातला दीड फूट सिंकने खाल्लेला. खाली कडप्प्याचे दोन कप्पे, वर माळा. एवढ्यातच रोजचा स्वयंपाक होतो आणि आठवड्याला आठ-दहा केकही निघतात. त्यामुळे "जागाच नाही हो" ही तक्रार माझ्यापुढे चालत नाही.

ओटीजीला, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनला, कपाट समजणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. २३ डिसेंबरला सात प्लम केक द्यायचे होते. आदल्या संध्याकाळी अचानक पाहुणे आले. जाऊबाईंनी ओटा मोकळा दिसावा म्हणून हाताला लागलं ते ओटीजीत सरकवलं: चॉकलेटचे दोन पॉलिकार्बोनेटचे साचे, प्लॅस्टिकचे मेजरिंग कप आणि आयसिंगचा स्क्रॅपर. अगदी चांगल्या मनाने. पहाटे साडेपाचला मी अर्धवट झोपेत उठले, १६०वर नॉब फिरवला आणि भिजवलेले मनुके निथळायला घेतले.

आधी गोडसर वास आला, मग घशात बसणारा. दार उघडेपर्यंत कप वितळून खालच्या रॉडवर ओघळले होते. १६० हा आतल्या हवेचा आकडा असतो. तापताना रॉड लाल होतो, तेव्हा त्याच्या जवळ कितीतरी जास्त उष्णता असते. म्हणजे "१६०ला प्लॅस्टिकला काय होतंय" हा हिशेब तिथे लागू पडत नाही. मी अजून एक शहाणपणा केला. गरम असतानाच उलथन्याने खरवडायला गेले आणि ते आणखी पसरलं. पूर्ण गार झाल्यावर त्याचे कडक तुकडे सुटले, पण रॉडवर राहिलेला थर दर वेळी धूर सोडायचा. शेवटी रॉडच बदलावा लागला. त्या दिवशीचे सात केक समोरच्या काकूंच्या ओव्हनमध्ये दोन-दोन करून भाजले, रात्री अकरापर्यंत.

तरीही मी ओटीजीत सामान ठेवते, कारण ती जागा सोडणं परवडत नाही. पण आत फक्त धातू. आणि सामान आत असेल तर प्लग काढून वायर दाराच्या मुठीला गुंडाळते. वायर सोडवल्याशिवाय ओटीजी चालू होत नाही, आणि सोडवताना दार उघडून आत बघितलं जातंच. "मी लक्षात ठेवेन" म्हणणाऱ्यांनी पहाटे साडेपाचला लक्षात ठेवून दाखवावं.

टिन ओला ठेवणं

पुसला होता, असं सगळ्याच सांगतात. आतून पुसलेला असतो. टिनचा काठ बाहेर वळवलेला असतो, त्या वळणात पाणी राहतं. स्प्रिंगफॉर्मला, म्हणजे क्लिपने रिंग उघडून तळ वेगळा होणाऱ्या टिनला, तर तीन जागा: काठ, क्लिपचा सांधा आणि तळ बसतो ती खाच. जुलैमध्ये आमच्याकडे वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस दमट असतात, मग बंद कप्प्यातल्या खाचेतलं पाणी कुठे जाणार?

नॉनस्टिक म्हणून मिळणारे बरेचसे टिन पोलादी पत्र्याचे असतात. फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा. चिकटलं, तर कोटिंग जिथे खरचटेल तिथे गंज धरणार. साध्या ॲल्युमिनियमच्या टिनला तो लाल गंज चढत नाही, म्हणून नवशिक्यांना मी तेच घ्यायला सांगते. त्यांना तो दिसायला गरीब वाटतो. वाटू दे.

माझी सवय अशी: केक काढल्यावर ओटीजी बंद केलं तरी ते बराच वेळ गरम असतं. टिन धुऊन, पुसून, उपडा करून पंधरा मिनिटं त्यातच ठेवते. वेगळी वीज लागत नाही आणि काठातलं पाणीसुद्धा उडून जातं.

एका मुलीने गंजलेला टिन व्हिडिओ बघून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला. सकाळी गंज गेला होता आणि टिन लख्ख. तिने आनंदाने फोटो पाठवला. पण गंजाबरोबर उरलासुरला मुलामाही गेला होता. पत्रा उघडा पडला आणि पुढच्या आठवड्यात आधीपेक्षा जास्त गंजला. त्यात केलेल्या चीजकेकच्या तळाला तपकिरी कडं उमटलं, आणि तो केक गिऱ्हाइकाकडे पोचला होता. अशा व्हिडिओंमध्ये पुढचा आठवडा कधीच दाखवत नाहीत. ॲल्युमिनियम मात्र खाण्याच्या सोड्याने घासू नका, काळं पडतं. पडलंच, तर पाण्यात लिंबाची सालं घालून त्यात उकळा.

एकात एक नुसते खुपसणं

सहा इंची सात इंचीत, सात इंची आठ इंचीत, हे बरोबरच. पण मधे जुन्या सुती साडीचा तुकडा हवा. नॉनस्टिकवर पहिला ओरखडा सुरीने पडतो असं सगळ्यांना वाटतं. मी पाहिलेले बहुतेक ओरखडे वरच्या टिनच्या बुडाचे होते. स्प्रिंगफॉर्मचा तळ रिंगमध्येच ठेवा, क्लिप सैल सोडा. तळ वेगळे ठेवले की कुठल्या रिंगचा कुठला, हे ऑर्डरच्या दिवशीच शोधावं लागतं.

ट्रे आडवे रचणं

सगळ्यात खालचा ट्रेच नेमका लागतो. महागडे ट्रे-स्टँड घेऊ नका. आईकडे, नाहीतर सासूबाईंच्या माळ्यावर, स्टीलचं ताटाळं पडलेलं असतं. ते कडप्प्याखाली ठेवा. कुकी ट्रे, जाळ्या, टार्टचे तळ, पिझ्झाची थाळी, सगळं उभं राहतं. माझं ताटाळं सासूबाईंचं आहे. "शेवटी तेच कामाला आलं ना," हे त्या मला दर दिवाळीला ऐकवतात.

नोझल, म्हणजे क्रीमची नक्षी काढायची टोकं, रिकाम्या मिसळणाच्या डब्यात ठेवते. वाट्यांमुळे स्टार, गोल आणि पानांचे वेगळे राहतात. डबा स्टीलचाच घ्या, प्लॅस्टिकच्या डब्यातला हिंग मरेपर्यंत जात नाही.

सिलिकोनलाही वास असाच चिकटतो. मसाल्याच्या आणि डांबरगोळ्यांच्या शेजारी साचे नकोत. वर वजनही नको, चेपलेला साचा केक वाकडा देतो. सिलिकोनची मॅट गुंडाळा, घडी नको.

वजनकाट्यावर टिनची चवड रचू नका. आतला सेन्सर सतत दबलेला राहतो आणि मग तो मैद्याचं वजन खोटं सांगतो.

ब्रशला तूप राहिलं की खवट होतो. गरम पाणी, साबण, आणि केस खाली करून टांगणं.

बिडाच्या अप्पेपात्राला ठेवताना तेल थापू नका, ते चिकट होतं. धुऊन गॅसवर तापवा, फडक्याने तेलाचा हात फिरवा आणि जास्तीचं पुसून टाका.

आधी घेणं, मग जागा शोधणं

पहिला स्पंज फुगला की दुसऱ्या दिवशी बंट पॅन, हार्टचा टिन आणि बत्तीस नोझलचा संच मागवणाऱ्या मुली मला लगेच ओळखता येतात. कारण मीही तेच केलं होतं. खोक्यावर लिटर लिहिलेले असतात, त्यावरून काहीच कळत नाही. टेप घेऊन आतली रुंदी मोजा, हवा फिरायला दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर सोडा, आणि मग दुकानात जा. माझ्या ओटीजीची आतली रुंदी ३३ सेंटिमीटर. हौसेने आणलेला बारा खळग्यांचा मफिन ट्रे निघाला ३५चा. परत घेईनात. तो माळ्यावर असतो, दिवाळीत खाली येतो आणि लेक त्यात रांगोळीचे बारा रंग काढून बसते.