वरातीत डीजे वाजवता? हेडफोन असा घ्या

आपल्याकडे लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे, पारा पंचेचाळीसला, आणि पाठीमागे बेसचा डब्बा. अशा ठिकाणी पुढचं गाणं एका कानात स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, म्हणून मागून बंद असलेल्या कपाचाच हेडफोन घ्या. जाळीचा नको, बाहेरचा सगळा गोंगाट आत शिरतो. एक कप कानामागे वळवता येतो का, हे दुकानातच बघा.

ब्लूटूथच्या नादी लागू नका. त्यात आवाज साधारण 150 ते 200 मिलिसेकंद उशिरा पोचतो. 120 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका 500 मिलिसेकंदांचा, म्हणजे पाव ठोक्याहून जास्त फरक. दोन गाण्यांची बीट जुळणार कशी? वायरचाच घ्या. वायर पिळाची आणि काढता येणारी हवी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पायात अडकून आधी तीच तुटते. सोबत 6.35 मिमीचा जाड जॅक (मिक्सरला लावायची पिन) आहे ना, तेही पाहा.

आणि कपांच्या गाद्या! माझ्या पहिल्या हेडफोनचं रेक्झिन घामानं एकाच हंगामात सोललं, कानाभोवती काळे पापुद्रे चिकटायचे. गाद्या सुट्या मिळतील असंच मॉडेल निवडा. सेनहायझर एचडी 25 चे जवळपास सगळे भाग सुटे मिळतात. महाग आहे, पण जमलं तर तोच घ्या. इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, 32 ते 70 ओहम पुरे.

आवाज मात्र बेताचाच ठेवा. रात्री घरी आल्यावर कानात शिटी वाजत असेल, तर तो जास्त होता.