आधी चष्म्याचा फोटो काढा

घरातलं माणूस गेलं, आजोळचं घर विकलं गेलं, मुलगा कामासाठी लंडनला गेला. अशा दिवसांत मन मोकळं करायला म्हणून फोन घेऊन निघालेले पुष्कळ जण पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पोचतात आणि मावळत्या सूर्याचे चाळीस फोटो घेऊन परत येतात. ते फोटो पुन्हा कुणी उघडत नाही. दुःखाचा फोटो निघत नाही, वस्तूचा निघतो. म्हणून सुरुवात एका वस्तूपासून करावी: गेलेल्या माणसाचा चष्मा, अडकित्ता, आजीने विणलेली क्रोशाची जाळी, विकलेल्या घराची किल्ली. मनात जे आहे त्याला नाव द्यायची घाई करू नये.

वस्तू खिडकीपाशी ठेवा. सकाळी सात-आठचा तिरपा उजेड उत्तम. पावसाळ्यातला ढगाळ उजेडही चांगला, त्यात सावल्या मऊ पडतात. फोनच्या पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड पक्का होतो, मग बोट किंचित खाली सरकवून चित्र थोडं काळोखं करा. वेळ अर्धा तास, फोटो फक्त बारा. पहिले चार-पाच कुणीही काढेल तसे येतात. सातव्या-आठव्याला वाकलेली दांडी दिसते, काचेवरचा अंगठ्याचा ठसा दिसतो. बाराची मर्यादा आहे ती यासाठीच.

निवड त्याच दिवशी करू नका. दुसऱ्या दिवशी तीन फोटो निवडा, स्टुडिओतून चार बाय सहाचे मॅट प्रिंट काढा. ग्लॉसी नको, आपल्याकडच्या दमटपणात ते अल्बमच्या प्लॅस्टिकला चिकटतात आणि सोडवताना चेहराच निघून येतो. वहीत खळीने चिकटवू नका, खळीला कसर लागते. कागदी कोपरे लावावेत. प्रत्येक प्रिंटमागे पाच ओळी लिहा. पहिल्या चारांत फक्त डोळ्यांना दिसतं ते, पाचवीत काय वाटलं ते.

लिहून झाल्यावर मन जड झालं तर घाबरू नका. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या 1986 सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या कठीण प्रसंगांवर लिहिलं. लगेच नंतर त्यांना वाईटच वाटलं, पण घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. 'मला चित्र कुठे येतं' म्हणणाऱ्यांसाठी दुसरा एक प्रयोग: 2016 साली अमेरिकेत 39 प्रौढांनी 45 मिनिटं रंग, माती, कागद हाताळले आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. आधी कला शिकलेले आणि न शिकलेले यांत फरक पडला नाही. लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा तरुणपणी डायरी शब्दांबरोबर चित्रांत लिहीत. रोजचं एक रेखाटन ठेवायचं असेल तर तो नमुना आपल्या घरचाच आहे.

आता सायनोटाइप, म्हणजे उन्हात निघणारे निळे छाप. फोनपेक्षा हे आम्ही अधिक आग्रहाने सुचवतो, कारण इथे हाताला काम आहे आणि घाई करताच येत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने ही रीत 1842 साली शोधली. तिला कॅमेरा लागत नाही.

एका तपकिरी बाटलीत 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरव्या जातीचं) विरघळवा, दुसरीत 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. पाणी डिस्टिल्ड घ्या. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका, आणि फेरिसायनाइडजवळ ॲसिड आणू नका, तीव्र ॲसिडने विषारी वायू सुटू शकतो. पहिल्या बाटलीत बुरशी धरते, ती गाळून घ्यावी. वापरायच्या दिवशीच दोन्ही समप्रमाणात मिसळा. पाच-पाच मिलीत वहीच्या पानाएवढे सहा-सात कागद होतात. कागद जाड, 300 जीएसएमचा जलरंगाचा घ्या. मंद पिवळ्या बल्बखाली फोम ब्रशने पातळ थर द्या आणि काळोखात, पंख्याखाली पूर्ण सुकू द्या.

वाळलेल्या कागदावर जाळी, किल्ली किंवा पान ठेवा, वर काच, कडांना चिमटे. एप्रिलच्या दुपारी पाच ते दहा मिनिटं, डिसेंबरात दहा-पंधरा. घड्याळापेक्षा रंग पाहा: पिवळट हिरवा कागद आधी निळसर, मग राखी आणि शेवटी काशाच्या भांड्यासारखा झाला की उचला. साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं धुवा, पिवळं पाणी सुटायचं थांबेपर्यंत. रंग एका दिवसात आपोआप गडद होतो.

बिघडतं ते बहुधा तीन कारणांनी. छाप धुताना वाहून गेला तर ऊन कमी पडलं. कडा धूसर आल्या तर काच नीट दाबली नव्हती किंवा पान ओलं होतं, पान एक रात्र वर्तमानपत्रात दाबून घ्यावं. ऊन न लागताच कागद निळा पडला तर दमटपणा. जून ते सप्टेंबर हे काम होतच नाही, थर वाळत नाही. तेव्हा साहित्य जमवावं. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची सजावट, उतरवल्यावर त्यातली पानं रद्दीत दाबून ठेवा आणि दसऱ्यानंतरच्या उन्हात छापा. शोकाच्या पहिल्या वर्षात हे थांबणं फार उपयोगी पडतं, पुढच्या महिन्याचं एक काम हाताशी राहतं.

कॅमेरा असेल तर तो पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात ठेवू नका, लेन्सला बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा 40 ते 50 टक्क्यांत असावा.

स्मशानात, सिमिस्तेरीत (ख्रिस्ती दफनभूमीत) किंवा कुणाच्या सुतकाच्या घरी विचारल्याशिवाय फोटो काढू नये. काढलेलं लगेच स्टेटसला टाकू नये. लाइक मोजायला लागलं की पाचवी ओळ खोटी होते. तोच फोटो रोज काढला जातोय, दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, असं असेल तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो. कलेवर हा भार टाकू नये, आणि दोन दिवसांची कार्यशाळा करून कुणी स्वतःला थेरपिस्टही म्हणवू नये.

छाप भिंतीवर लावायचा तर थेट ऊन टाळा. फिका पडला तर उतरवून आठ-दहा दिवस काळोख्या कपाटात ठेवा, बराचसा निळा परत येतो. साबण किंवा सोडा लागून गेलेला निळा मात्र परत येत नाही. म्हणून छापाला हात लावण्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत.