एकट्यानं चोवीस तास सायकल: सांगलीतल्या शर्यतीची तयारी

फेऱ्यांच्या शर्यतीत संघातून उतरणं वेगळं आणि एकट्यानं उतरणं वेगळं. संघातला गडी तासभर जीव तोडून सायकल मारतो आणि मग सतरंजीवर पाय पसरतो. एकट्याला बदली नाही. म्हणून त्याची तयारी सायकलीच्या आधी खाण्या-कपड्यांच्या पेटीपासून सुरू व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत मिल्वॉकीच्या रिव्हरवेस्ट वस्तीत २००८ पासून अशी चोवीस तासांची शर्यत भरते. शुक्रवारी संध्याकाळी सातला सुरू, शनिवारी संध्याकाळी सातला बंद. वस्तीतलीच माणसं ठरलेल्या ठिकाणी बसून प्रत्येक स्वाराच्या कार्डावर खूण करतात. संघही उतरतात, एकटे स्वारही. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यांवर असा बेत जमला की गणित तेच राहतं. समजा फेरी आठ किलोमीटरची आहे. म्हणजे पंचवीसेक मिनिटांनी तुम्ही पुन्हा आपल्याच पेटीसमोर. ब्रेव्हेसारखं, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसारखं, सगळं सामान सायकलवर लादायची गरज नाही, पण पेटी समोर दिसली की थांबावंसं वाटतं. तीस वेळा पाच-पाच मिनिटं थांबलात तरी अडीच तास गेले, म्हणजे जवळपास पन्नास किलोमीटर. त्यामुळे कितव्या फेरीला थांबायचं ते घरूनच ठरवून निघा. दर तिसरी फेरी बहुतेकांना झेपते.

पेटी भरताना वस्तूंप्रमाणे नाही, वेळेप्रमाणे भरा. सकाळची पिशवी, दुपारची, संध्याकाळची, मध्यरात्रीची आणि पहाटेची. प्रत्येकीवर मार्करनं मोठ्या अक्षरात तास लिहा. मध्यरात्रीच्या पिशवीत कोरडे मोजे, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, कानटोपी आणि दुसरी पॅडची चड्डी. हिवाळ्यात हरिपूरकडे, जिथं कृष्णा-वारणेचा संगम आहे, तिथं पहाटे अंगात शिरणारा गारठा असतो आणि घामानं ओला झालेला टीशर्ट अंगावर असेल तर दात वाजतात. चड्डी बदलण्याचा कंटाळा करू नका. पॅडच्या आत दुसरं काही घालायचं नाही, मांड्यांच्या सांध्यात क्रीम भरपूर लावायचं, आणि बारा तासांनी स्वच्छ पुसून पुन्हा लावायचं. पाय दुखत असताना सायकल चालते, कातडी सोलवटली की नाही चालत.

खाण्याचं सगळ्यात नीट ठरवा. तासाला पन्नासेक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एक मध्यम केळं आणि मूठभर तासगावचे बेदाणे मिळून साधारण तेवढी होतात. बेदाणे छोट्या छोट्या पुड्यांत बांधा, एका हातानं फाडता येतील अशा. हॅण्डल सोडून डब्याच्या झाकणाशी झटापट करण्यात अर्थ नाही. राजगिऱ्याचे लाडू, गुळाची दशमी, दुपारी वरण-भात किंवा दही-भात. मध्यरात्रीनंतर गोडाचा वीट येतो, अगदी नावसुद्धा नको वाटतं. तेव्हा भडंगाचा डबा, उकडलेले मीठ लावलेले बटाटे आणि घरची ताकाची बाटली कामाला येते. शर्यतीच्या दिवशी नवं काही खाऊ नका. जे खाणार ते सरावाच्या लांब फेऱ्यांवर खाऊन बघितलेलं असावं. पाण्यातही नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं, रक्तातलं मीठ खाली येतं. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, पाकिटावर लिहिलंय तसंच. अर्धं पाकीट, अंदाजे पाणी असलं काही नको.

पेटीपाशी घरचं कुणीतरी हवंच. भाऊ, बहीण, वहिनी, शेजारचा पोरगा, कुणीही, पण रात्री जागणारं. त्यांच्या हातात लिहिलेली चिठ्ठी द्या: कितव्या फेरीला काय द्यायचं, दिवा कधी बदलायचा, आणि 'मी सोडतो' म्हणालो तर आधी काहीतरी गरम खायला घालून वीस मिनिटं झोपवायचं, मग विचारायचं. पहाटे तीन ते पाच हा सगळ्यांचाच पडता काळ; शरीराचं तापमान तेव्हा सगळ्यात खाली असतं. त्या वेळी घेतलेला निर्णय मोजायचा नाही, हे आधीच त्यांना सांगून ठेवा. चक्कर, उलटी थांबत नाही, बोलणं अडखळतंय, असं काही दिसलं तर मात्र एका शब्दानं न विचारता सायकल काढून घ्यायची. तेही चिठ्ठीत लिहा.

सायकलीचं थोडक्यात. शर्यतीच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग, आदल्या दिवशी कधीच नाही. बाभळीचे काटे आपल्या रस्त्यांना नवे नाहीत, तेव्हा दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा अंगाबरोबर ठेवा. हॅण्डलवर टेप दुहेरी गुंडाळा, नाहीतर करंगळी बधिर होते.

दिव्यांवर पैसे वाचवू नका. पुढे दोन, मागे दोन, अंगात चमकणारं जॅकेट. ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर धावतात, कित्येकींना मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो, आणि रस्त्यावर पडलेला ऊस अंधारात चाकाखाली आला की सायकल आडवी होते. वळणावर त्यांच्या बाजूला घुसायचं नाही, पाठीमागं थांबायचं.

सरावात २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या मुदतीत झालेली असावी; ३००ची, वीस तासांची, झाली असेल तर आणखी बरं, कारण तिच्यात रात्र पदरात पडते. शर्यतीत ताज्या दमाचे संघवाले शेजारून सुसाट जातील. त्यांच्या चाकामागं लागू नका. पहिले सहा तास गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं काढा, मग तो वेग कितीही हळू वाटो. कोपऱ्याकोपऱ्यावर कार्डावर शिक्का मारणाऱ्या काकांना, पोरांना नाव घेऊन हाक मारा. तेही रात्रभर जागेच असतात. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा, घामानं शाई पसरते.

दुसऱ्या दिवशीची रजा आजच टाका. शर्यत संपल्यावर स्वतः गाडी चालवत घरी जायचं नाही, न्यायला कोण येणार तेही आत्ताच ठरवून घ्या.