विहिरीत कोणतं पाणी किती मिसळलं, रिपोर्टवरून कसं काढायचं

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला-अमरावती-बुलडाण्याकडं, एका वावरातली विहीर गोड लागते अन् दोन धुरे ओलांडले की बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. मधल्या विहिरींचं पाणी सरमिसळ असते, थोडं पावसाचं मुरलेलं, थोडं खालचं खारं, थोडं उकिरड्याचं अन् युरियाचं. कोणाचा वाटा किती हे लॅबच्या रिपोर्टवरून काढता येते, पण सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागद-पेन घ्या राजेहो.

पहिले रिपोर्टच तपासा. मिलीग्रॅमचे आकडे मिलीइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे आयनच्या (विद्युत भार असलेल्या विरघळलेल्या कणाच्या) भाराच्या हिशेबात करा, सोडियमला 23 नं भागा, कॅल्शियमला 20 नं, क्लोराईडला 35.5 नं, असं सगळ्यांचं. धन आयन (सोडियम, कॅल्शियमसारखे) एकीकडं, ऋण (क्लोराईडसारखे) एकीकडं, दोघांतला फरक एकूण बेरजेच्या 5 टक्क्यांच्या आत पाहिजे. 10 च्या वर गेला तर तो सॅम्पल बाजूला ठेवा. अन् ‘बीडीएल’, म्हणजे लॅबला मोजता येईल त्याच्याही खाली, असं लिहिलं असेल तिथं शून्य भरू नका, लॅबला मोजणीची मर्यादा विचारा, तिच्या अर्धा आकडा टाका अन् त्याच्यावर भरवसा कमी ठेवा.

आता क्लोराईड. हा मातीला चिकटत नाही, जसा आला तसा वाहते, म्हणून मोजमापाला बरा. उन्हानं पाणी आटलं तर वाढते खरा, अन् पोटॅश टाकणाऱ्या वावरात खतातूनही येते, तेवढं पाहून घ्या. समजायला आकडे धरू, सगळे लिटरमागं मिलीग्रॅममध्ये: गोड विहिरीत क्लोराईड 40, खाऱ्या बोअरमध्ये 1240, तुमच्या विहिरीत 340. मग 340 वजा 40 म्हणजे 300, भागिले 1240 वजा 40 म्हणजे 1200, खाऱ्याचा वाटा 25 टक्के. संपलं? नाही, खरी मजा इथून पुढं आहे. त्याच 25 टक्क्यांनी सोडियम काढा. गोड्यात 30, खाऱ्यात 830, तर मिश्रणात 230 यायला पाहिजे, अन् रिपोर्ट म्हणते 290. हे 60 आलं कुठून? कॅल्शियम पाहा: गोड्यात 60, खाऱ्यात 180, हिशेबानं 90 पाहिजे, निघालं 38. सोडियम 2.6 मिलीइक्विव्हॅलंट वाढलं, कॅल्शियम तेवढंच घटलं. काळ्या मातीतल्या चिकणमातीनं कॅल्शियम धरलं अन् सोडियम सोडलं, तिसरं कोणतं पाणी आलंच नाही! हे न पाहता थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकलं असतं तर त्यानं खुशाल एक जास्तीचा स्रोत काढून दिला असता.

सॅम्पल भरपूर असतील अन् स्रोत तीन-चार वाटत असतील तर क्लोराईडसमोर एकेक आयनचा ग्राफ काढा. दोनच पाण्यांचं मिश्रण असेल तर ठिपके सरळ रेषेत येतात, तीन असले तर त्रिकोणात. दोन गुणोत्तरांचा ग्राफ काढला तर मात्र रेषा वाकते, घाबरू नका. मग पीसीए, म्हणजे सगळ्या आयनांतला फरक मोजक्या घटकांत गोळा करणारी सांख्यिकी पद्धत: दोन घटकांत जवळपास सगळा फरक बसला तर टोकाचे, म्हणजे मिसळण्याआधीचे मूळ, स्रोत तीन, एक जास्त धरायचा. त्याच्यानंतर पीएमएफ, आकड्यांवरून स्रोत अन् त्यांचे वाटे काढणारी पाटेरो अन् टॅपर यांची 1994 ची पद्धत, याच्यात वाटा कधी उणे येत नाही अन् भरवसा कमी असलेल्या आकड्याला कमी वजन देता येते. त्याचं अमेरिकेच्या ईपीएचं, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं, सॉफ्टवेअर फुकट आहे. तीन, चार, पाच स्रोत सांगून चालवा, दरवेळी वेगवेगळ्या सुरुवातीपासून, अन् उत्तर फिरत असेल तर त्याला धरू नका. किती स्रोत सांगितले तितके ते काढूनच देते, ते ठरवणं तुमचं काम.

गाळाचे, मातीचे टक्केवारीतले आकडे असतील तर वेगळी भानगड. बेरीज 100 ला बांधलेली, एक वाढलं की दुसरं आपोआप घटते, अन् खोटे संबंध दिसतात. त्याच्यासाठी एचिसन या संख्याशास्त्रज्ञाचे लॉग-गुणोत्तर, म्हणजे दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा लॉग, वापरतात, पण मिसळण्याचा हिशेब लॉगमध्ये करू नका, तिथं सरळ रेषा सरळ राहत नाही.

नायट्रेटवर वाटा काढू नका, ते पिकं उचलतात, जिवाणू खातात. ते नुसतं खूण म्हणून ठेवा, लिटरमागं 45 मिलीग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिऊ नका अन् आधी उकिरडा अन् शोषखड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे ते मोजा. अन् टोकाच्या पाण्यांचे सॅम्पल स्वतः घ्या, सर्वात गोड विहीर अन् सर्वात खारा बोअर, उन्हाळ्यात एकदा, पावसाळा संपल्यावर एकदा, कारण टोकच हललं तर वरचे 25 टक्केही हलतात.