पोटावरची बॅग: आधी माप, मग बाकीचं

मालवण तालुक्यात आचऱ्याजवळ माझं घर आहे आणि पडवीत शिलाई मशीन. ब्लाऊज, परकर, गाऊन शिवते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात माझं ऑपरेशन झालं आणि डाव्या बाजूला कायमची कोलोस्टॉमी आली, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलं आणि शौच तिथे लावलेल्या बॅगेत जमा होतं. आता आसपासच्या गावांतून कुणाला नवीन बॅग लागली की माझ्याकडे पाठवतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

पहिली गोष्ट मापाची. फ्लँज म्हणजे पोटाला चिकटणारी भोकाची चकती, तिच्यावर बॅग बसते. बॅग गळते ती बहुतेक वेळा फ्लँजचं भोक चुकीच्या मापाचं कापल्यामुळे किंवा फ्लँज ओल्या कातडीवर लावल्यामुळे. गळती थांबली की कातडी बरी होते, वास येत नाही, रात्री झोप लागते आणि माणूस घराबाहेर पडायला लागतो. म्हणून नव्या माणसाला मी आधी कात्री धरायला शिकवते. खाणंपिणं, प्रवास, साडी, सगळं त्यानंतर.

स्टोमा म्हणजे पोटाच्या भिंतीतून बाहेर आणलेलं आतड्याचं तोंड. ते गालाच्या आतल्या बाजूसारखं लाल आणि ओलसर असतं. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण दुखणं कळवणाऱ्या नसा तिथे नसतात. पुसताना एखादा रक्ताचा ठिपका आला तर घाबरू नका, तिथल्या रक्तवाहिन्या अगदी वर असतात. मात्र दुखत नाही म्हणून बेफिकीरही राहू नका. फ्लँजची कड घासून जखम झाली तरी तुम्हाला कळणार नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढचे 6 ते 8 आठवडे हळूहळू लहान होत जातो. दवाखान्यात सिस्टरने जे माप कापून दिलं ते महिन्याभराने मोठं पडतं. मोठ्या भोकातून उघडी राहिलेली कातडी शौचाने भाजते, भाजलेली कातडी ओली राहते आणि ओल्या कातडीवर पुढची फ्लँज टिकत नाही. एकदा हे चक्र सुरू झालं की माणूस रडकुंडीला येतो. म्हणून पहिले दोन महिने दर बदलाला माप घ्या. फ्लँजच्या खोक्यात गोल भोकांचं मापाचं कार्ड येतं. स्टोम्याभोवती कार्डाचं जे भोक न घासता बसतं ते तुमचं माप. फ्लँजचं भोक त्याहून 2 ते 3 मिलिमीटरच मोठं हवं. सुताराच्या भाषेत फार तर एक सूत. घट्ट कापलं तर स्टोमा कापला जातो, सैल कापलं तर कातडी जाते.

माझा स्टोमा गोल नाही, लांबट आहे आणि एका बाजूला किंचित चपटा. अशांना कार्ड उपयोगी पडत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा जाडसर तुकडा पोटावर धरायचा, स्टोम्याची कड बारीक पेनने गिरवायची आणि तो आकार कापून ठेवायचा. पण तो तुकडा फ्लँजच्या मागच्या कागदावर ठेवताना उलटा करावा लागतो. आपण आकार बाहेरून गिरवलेला असतो आणि कागदाची बाजू पोटाकडे जाणारी असते. तसाच ठेवला तर चपटी बाजू भलतीकडे येते आणि नेमकी तिथूनच गळती होते. ब्लाऊजची उजवी-डावी बाही कापताना जी काळजी घेतो तीच इथे घ्यायची. मी तुकड्यावर एका बाजूला ‘बाहेर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पोट’ असं लिहून ठेवलं आहे. कापताना ‘पोट’ लिहिलेली बाजू आपल्याकडे आली पाहिजे. कात्री लहान आणि वाकड्या टोकाची घ्या. कापून झालं की भोकाच्या कडेवरून आतून बोट फिरवा, टोक राहिलं असेल तर बोटाला लागतं.

बदलायची वेळ

सकाळी काही खाण्याआधी बदला. तेव्हा आतडं शांत असतं. पाणी, सुके कापडाचे तुकडे, कापलेली फ्लँज, बॅग, कचऱ्याची पिशवी आणि आरसा हाताशी घेऊनच जुनी काढायला हात घाला. कोपरा सोडवून वरून खाली या. एका हाताने ओलं कापड धरून कातडी खाली दाबत जा, फ्लँज ओढू नका. नंतर कोमट पाण्याने पुसा. साबण लागतोच असं नाही, आणि लावलाच तर तेलाचा, सुगंधाचा, क्रीमचा नको. स्पिरीट, जंतुनाशक, बेबी वाइप्स यांतलं काहीही नको.

आणि खोबरेल तेल नको. आपल्याकडे अंगाला खाज आली, कातडी लाल झाली की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. घरातली मोठी माणसं प्रेमानेच लावायला येतात. पण तेलावर चिकट काही टिकत नाही. टाल्कम पावडरचंही तसंच.

काढलेली फ्लँज टाकण्याआधी उलटी करून बघा. चिकटद्रव्य जिथे पांढरं पडून विरघळलेलं दिसेल तिथून शौच आत शिरत होतं. दर वेळी एकाच बाजूला विरघळत असेल तर त्या बाजूला कातडीला घडी किंवा खड्डा आहे. उभं राहून, बसून, वाकून आरशात बघा. बसल्यावरच दिसणारी घडी झोपून कधी सापडत नाही. त्या खड्ड्यात स्टोमा पेस्ट भरायची. पेस्ट म्हणजे गोंद नाही, सगळीकडे लावली तर फ्लँज उलट लवकर सुटते. बहुतेक पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे सोललेल्या कातडीवर झोंबते. कातडी ओली, सोललेली असेल तर स्टोमा पावडर पातळ भुरभुरवा आणि जास्तीची झटकून टाका. पावडरीचा थर राहिला तर चिकटत नाही.

कातडी पूर्ण सुकू द्या. पंख्याखाली थोडा वेळ बसा, घाई करू नका. आपल्या हवेत पुसलं म्हणजे सुकलं असं होत नाही. नवी फ्लँज दोन तळव्यांत धरून गरम करा. मे महिन्यात याची गरज नाही, पण आषाढात गार फ्लँज नीट बसत नाही. खालच्या कडेकडून वर लावत या, पोट सैल सोडा आणि तळहाताने 1 ते 2 मिनिटं दाबून धरा.

किती दिवसांनी बदलायची? साधारण 3 ते 4 दिवसांनी, काहींची त्याहून जास्त टिकते. पण एप्रिल-मे मध्ये आणि पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने ती लवकर सुटते, म्हणून मी तेव्हा एक दिवस आधीच बदलते. खाज सुटली, जळजळ झाली किंवा कडेला शौच दिसलं तर त्याच क्षणी बदला, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. वरून चिकटपट्टी मारून सकाळपर्यंत ढकलू नका. त्या काही तासांत कातडी भाजते आणि बरी व्हायला आठवडा जातो. दमट दिवसांत लाल चट्टा, त्याच्या कडेला बारीक पुळ्या आणि खूप खाज असेल तर ती बुरशी असू शकते. डॉक्टर त्यासाठी वेगळी पावडर देतात.

बॅग आणि अंग यांच्यामध्ये घाम साचतो. जुन्या सुती साडीचं किंवा मलमलचं कव्हर शिवा. बॅगेच्या आकाराचे दोन तुकडे, मागच्या तुकड्याला फ्लँज बसेल इतकं गोल भोक, खालची बाजू उघडी, म्हणजे कव्हर न काढता रिकामी करता येते. बॅग ठेवूनही आंघोळ करता येते आणि काढूनही. स्टोम्यातून पाणी आत जात नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून दमट परकर तसाच घालायची सवय असते, ती सोडा.

रिकामी करणं

बॅग एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. भरून जड झाली की फ्लँजला ओढ बसते. कमोडवर मागे सरकून बसायचं आणि बॅगेचं तोंड पायांच्या मधे सोडायचं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमी उंचीचं स्टूल घ्या किंवा आधी बादलीत रिकामी करा. रात्री पावसात अंगणापलीकडच्या संडासात जाण्यापेक्षा झाकणाची बादली घरात ठेवलेली बरी. तोंड आतून पुसून घेतलं की कपड्याला वास लागत नाही.

घट्ट शौच कधी कधी खाली न उतरता स्टोम्याजवळच चिकटून राहतं आणि फ्लँज उचलतं. बॅग लावण्याआधी तिच्या आत तेलाचे दोन-तीन थेंब टाकून चोळा आणि थोडी हवा राहू द्या. तेल इथे चालतं, फक्त फ्लँजला आणि बॅगेच्या वरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या फिल्टरला लागू देऊ नका.

वापरलेली बॅग संडासात, पऱ्ह्यात किंवा समुद्रात टाकू नका. रिकामी करा, कागदात गुंडाळा, पिशवीत बांधा आणि घंटागाडीला वेगळी द्या.

खाणं

पहिले 6 आठवडे मऊ आणि थोडं थोडं: पेज, गुरगुट्या भात, मुगाचं कढण, दुधी, उकडलेला बटाटा, घावणे, कमी तिखटाचं पापलेट. नंतर एका वेळी एकच नवीन पदार्थ, तोही थोडासा, आणि दोन दिवस बघायचं. कडवे वाल, कुळीथ, कोबी, मुळा, फणस आणि सोड्याच्या बाटल्या गॅस करतात. बांगडा, सुकट, अंडी आणि लसणीने वास वाढतो. म्हणून मासे सोडू नका, लग्नाला किंवा प्रवासाला जायच्या आदल्या दिवशी टाळा म्हणजे झालं. खोबऱ्याच्या कातळ्या, ओले काजू आणि फणसाची भाजी अगदी बारीक चावून खा. बीट खाल्लं तर शौच लाल दिसतं, लोहाच्या गोळ्यांनी काळं. बॅग रिकामी राहावी म्हणून उपाशी राहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याने गॅसच जास्त होतो. पाणी भरपूर प्या. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूचा स्टोमा असेल तर पुढे शौच बरंचसं पूर्वीसारखंच बांधून येतं. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी-मिठाचे नियम वेगळे आहेत, ते डॉक्टरांकडूनच घ्या.

काम, कपडे, माणसं

पहिले 6 ते 8 आठवडे कळशी, रहाट, तांदळाची पोती, आंब्याच्या पेट्या यांना हात लावू नका. पुढेही जड उचलायचं ते डॉक्टरांना विचारून आणि पोटाला आधाराचा पट्टा लावून. स्टोम्याशेजारून हर्निया होणं कोलोस्टॉमीत वारंवार आढळतं. खोकताना, शिंकताना स्टोम्यावर हात दाबून धरा.

परकराची नाडी स्टोम्याच्या वर किंवा खाली बांधा, बरोबर त्यावर नको. मी रुंद पट्टीचा परकर शिवते, आतून बॅगेसाठी खिसा ठेवून. पुरुषांच्या पॅन्टचा पट्टा तिथेच येत असेल तर पॅन्ट उंच कमरेची शिवून घ्या आणि गॅलस, म्हणजे खांद्यावरून येणारे पट्टे, लावा. मशीनवर बसताना टेबलाची कड पोटाला लागते, म्हणून मी उंच स्टूल घेतलं.

गुदद्वार ठेवलं असेल तर तिथून अधूनमधून शेंबडासारखा चिकट स्राव येतो आणि शौचाला लागल्यासारखं वाटतं. ते नेहमीचंच आहे. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल विचारायला आपल्या बायका लाजतात. जखम भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की अडचण नाही. आधी बॅग रिकामी करा, वर कव्हर घाला. कोरडेपणा किंवा दुखणं असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यावर उपाय असतात.

देवाच्या कामाबद्दलही विचारतात. मी गणपतीला मोदक वळते, आरतीला उभी राहते. बॅग बंद आहे, हात धुतलेले आहेत. ज्या शरीराने मरण टाळलं त्याला विटाळ म्हणणाऱ्याचं मनावर घेऊ नका, हे मी प्रत्येकीला बजावून सांगते. आणि घरातल्या निदान एका माणसाला बॅग बदलायला शिकवा. तुम्हाला ताप आला तर ते काम त्यानेच करायचं आहे.

प्रवासात भोक आधीच कापलेल्या दोन फ्लँज, दोन बॅगा, पाण्याची बाटली, कापड आणि एक जादा परकर जवळच्या पिशवीत ठेवा, वरच्या फळीवरच्या सामानात नको. गाडीत उन्हात सामान ठेवलं तर चिकटद्रव्य वितळतं. घरातही पत्र्याखाली नको, थंड कोरड्या जागी डब्यात ठेवा. लहान गावातल्या मेडिकलमध्ये तुमच्या मापाचं सामान असेलच असं नाही, आणि पावसात कुरिअर अडकतं. मे संपायच्या आत महिन्याभराचं जादा आणून ठेवा. मुंबईत जाणं असेल तर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईचीच.

स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, दाबून धरूनही रक्त थांबत नाही, पोट फुगून कळा येताहेत, उलट्या होताहेत आणि बॅगेत शौच-गॅस काहीच नाही, स्टोमा अचानक खूप बाहेर आला किंवा आत गेला, ताप येऊन आजूबाजूची कातडी गरम लाल झाली, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. सर्जनच्या वॉर्डाचा नंबर, फ्लँजचं माप आणि बॅगेचा कोड एका कागदावर लिहून बॅगांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि तो कुठे आहे हे घरच्यांना दाखवून ठेवा.