पुण्यातून रेडिओ स्कॅनिंग: सुरुवात कुठून करावी

रेडिओ स्कॅनिंग म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर काय चालले आहे ते शोधून ऐकणे. मात्र पोलीस किंवा अग्निशमन दलाचे संभाषण विनापरवाना पकडणे हा 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 42 नुसार गुन्हा असून त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून तो मोह सोडावा. तसेही टेट्रासारख्या डिजिटल ट्रंकिंगमध्ये, म्हणजे अनेक गटांनी मोजक्या वाहिन्या वाटून वापरण्याच्या वायरलेस पद्धतीत, नियंत्रण वाहिनी प्रत्येक संभाषणाला त्या क्षणी मोकळी असलेली वाहिनी देते आणि आवाज बहुधा सांकेतिक केलेला असतो, त्यामुळे साध्या स्कॅनरला नुसती खरखर ऐकू येते.

सरावासाठी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे 145.800 मेगाहर्ट्झवरील हौशी रेडिओ प्रक्षेपण घ्यावे. उपकरणाच्या परवानगीचे नियम तपासून आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकावरून चालणारा छोटा यूएसबी रेडिओ रिसीव्हर) लॅपटॉपला जोडावा आणि अँटेना म्हणून सुमारे 51 सेंटिमीटरची उभी तार, खाली तेवढ्याच लांबीच्या तीन-चार आडव्या तारांसह, गच्चीवर बसवावी. कोथरूडच्या इमारतींच्या गर्दीपेक्षा वेताळ टेकडीचा मोकळा माथा केव्हाही बरा. डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी बदललेली भासत असल्याने, स्थानक जवळ येताना रिसीव्हर सुमारे 3 किलोहर्ट्झ वर आणि दूर जाताना तितकाच खाली सरकवावा लागतो. आकाशातून जाणारी स्थानकाची फेरी जेमतेम दहा मिनिटांची असल्याने तिचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवावे. प्रक्षेपण सतत चालू नसते, तेव्हा शांतता म्हणजे बिघाड असे लगेच समजू नये.