किका मारण्याआधी वाटी उघडा
त्र्यंबकच्या पावसात भिजलेली जुनी गाडी पंधरा दिवस उभी राहिली आणि आता सुरूच होत नाही? प्लगला दोष देण्याआधी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, बघा. इंजिन थंड असताना, आसपास विडी-काडी नाही याची खात्री करून, पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठणारी वाटी असते, तिचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. बाटलीच्या तळाशी मण्यासारखे थेंब लोळताना दिसले, की चोर सापडला! मी मात्र अर्धा तास किका मारत बसलो होतो. टाकीच्या झाकणाचं रबरही तपासा. पाणी बहुधा तिथूनच शिरतं. स्क्रू जास्त आवळू नका, आटे जातात.